निराधार योजनेचा अर्ज अपात्र ठरला आहे. अपील करावे की नव्याने अर्ज करावा?

पांदणरस्ता (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. माझ्या काकूंचे वय ५७ वर्षे आहे. काकांच्या निधनानंतर, मागील वर्षी पोळ्याच्या सुमारास, त्यांनी सेतू केंद्रातून संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला. पावती आमच्याजवळ आहे. हरभरा निघून गेला तरी काहीच कळले नाही आणि चौकशीला गेले की समितीची बैठक व्हायची आहे, एवढेच उत्तर मिळत राहिले. आता अर्ज अपात्र यादीत असल्याचे खिडकीवर तोंडी सांगण्यात आले आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर वार्षिक ३६,००० रुपये लिहिलेले असल्यामुळे तो बाद झाला, असे कारण दिले गेले.

काकूंच्या दोन्ही मुली लग्न होऊन सासरी आहेत. काकांच्या नावे असलेले कोरडवाहू वावर माझ्या वडिलांसोबत सामाईक सातबाऱ्यावर आहे आणि वारसांचा फेरफार अजून झालेला नाही. काकू कापूस वेचणीच्या आणि निंदणाच्या मजुरीवर दिवस काढतात. या परिस्थितीत अपील करावे काय, किती काळ लागेल आणि नव्याने अर्ज केल्यास पहिला अर्ज वाया जाईल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अव्वल कारकून

आपल्या प्रकरणातील दोष अर्जात नसून दाखल्यात आहे, असे मला वाटते, आणि म्हणून प्रथम दाखला दुरुस्त झाला पाहिजे. या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. सामाईक सातबाऱ्यावरील संपूर्ण क्षेत्राचे उत्पन्न काकूंच्या नावे धरले गेले असण्याची शक्यता मोठी आहे, कारण चौकशी करणाऱ्या पटवाऱ्यासमोर (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) सातबारा असतो, घरातील चूल नसते. तेव्हा वारस फेरफाराचा अर्ज आजच द्यावा. त्यात हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, म्हणून तो जितका लांबेल तितके पुढचे सर्व लांबेल. सोबत, आपल्या वडिलांचा हिस्सा वेगळा असून ते वेगळी वहिती करतात, असे वडिलांचे स्वयंघोषणापत्र जोडावे आणि त्या आधारे उत्पन्नाचा नवा दाखला मागावा.

उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा असून तिची मुदत १५ दिवस आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला गेला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. ते कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे, हे कार्यालयातील फलकावर लिहिलेले असणे बंधनकारक आहे. त्यापुढे द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. आयोगाची कार्यालये विदर्भात नागपूर आणि अमरावती येथे आहेत. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माझ्या नोकरीच्या काळात दंडापेक्षा अपिलाची नोंद होण्याचीच धास्ती अधिक असे.

मर्यादेबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले, म्हणजे वर्षाला १८,०००. उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० वरच थांबली आहे. महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा एक रुपया अधिक कमावणारी विधवा निराधार नाही, असा याचा अर्थ होतो. आपल्या भागात वेचणीच्या हंगामात सलग मजुरीला जाणाऱ्या बाईचा दाखला प्रामाणिकपणे लिहिला, तर ती त्यात बसेलच असे नाही, हे दाखला देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असतात.

अर्ज इतके महिने का पडून राहतो, याचेही उत्तर देतो. छाननी आणि चौकशी झाल्यानंतर प्रकरण तालुकास्तरीय समितीपुढे जाते. तिचा अध्यक्ष अशासकीय असतो आणि त्याची निवड पालकमंत्र्यांच्या शिफारशीवर अवलंबून असते. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत बैठक होत नाही. तोवर गठ्ठा वाढत जातो आणि मग एकाच बैठकीत सगळे निकाली काढले जाते. एका संध्याकाळी शेकडो फाइली उलटवणाऱ्या समितीकडून आपल्या सामाईक सातबाऱ्याचा बारकावा पाहिला जाईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

वैनगंगाकाठ

दादांनी सांगितलेले बरोबर आहे, तथापि नवा अर्ज करताना पहिला सोडून देऊ नये, असे माझे मत आहे. तोंडी सांगितलेल्या नकाराला कागदोपत्री किंमत नाही. ज्या बैठकीत अर्ज अपात्र ठरला तिच्या कार्यवृत्ताची आणि अपात्रतेच्या कारणाची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. शुल्क १० रुपये असते आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने कार्डाची प्रत जोडल्यास तेही लागत नाही. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, ते न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, निवेदन द्यायचे असेल, तर क्रम सांभाळावा. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुका, मग जिल्हा, आणि निवेदन विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी पोहोचलेले हवे. अपिलात असलेले किंवा माहिती अधिकाराच्या कक्षेतील विषय तिथे स्वीकारले जात नाहीत. आमच्या गावातील एका भाऊंनी सगळीकडे एकाच वेळी अर्ज केले आणि प्रत्येक ठिकाणी, प्रकरण दुसरीकडे सुरू आहे, हे उत्तर घेऊन परत आले. म्हणून लोकशाही दिनात केवळ दाखल्याची दुरुस्ती आणि फेरफार हे दोनच मुद्दे मांडावेत आणि कार्यवृत्ताची मागणी वेगळ्या कागदावर ठेवावी.

बचत गट सचिव

ताई म्हणून एक सूचना करते, कारण मंजुरीनंतरची प्रतीक्षा कोणी विचारात घेत नाही. डिसेंबर २०२४ पासून या योजनेचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अर्जाला जोडलेले पासबुक एका बँकेचे आणि आधार मात्र भलत्याच खात्याशी जोडलेले, हे आमच्या गटात कितीतरी जणींच्या बाबतीत निघाले. सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि नकळत एखाद्या पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले, तर पैसा तिकडे जातो आणि बाई जुने पासबुक घेऊन बँकेच्या दारात उभी राहते. पासबुकावरील आणि आधारवरील नाव अक्षरशः सारखे आहे काय, हेही पाहावे. आमच्याकडे एकीचे नाव बँकेत ‘शांताबाई’ आणि आधारवर ‘शांता’ असल्यामुळे तिचे अनुदान अडले होते.

पांदणरस्ता

सर्वांचे आभार. फेरफाराचा अर्ज आणि वडिलांचे घोषणापत्र तयार करत आहे. काकूंचे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. ते चालेल काय, की राष्ट्रीयीकृत बँकेत नवे उघडावे? शिवाय काकूंच्या आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नाही.

बचत गट सचिव

खाते कोणत्या बँकेत आहे, यापेक्षा आधार सध्या कोणत्या खात्याशी जोडलेले आहे, हे महत्त्वाचे. मोबाइल क्रमांक नसल्यास ते घरबसल्या तपासता येत नाही, म्हणून आधी आधार केंद्रात काकूंना स्वतः नेऊन क्रमांक जोडून घ्यावा. ठसे उमटत नसतील, तर डोळ्यांच्या बुबुळांची पडताळणी करण्यास सांगावे, कारण वेचणी आणि निंदणाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यानंतर मध्यवर्ती बँकेच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि जोडणी झाल्याची खात्री झाल्यावरच त्या खात्याचे पासबुक नव्या अर्जाला लावावे.