भाडेकरूंची कागदपत्रं पोर्टलवरून मेल करायची का?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. नव्या सोसायटी पोर्टलवर आता थेट मेल पाठवायची सोय झाली आहे. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिले आहेत त्यांनी भाडेकरार आणि भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत ‘कमिटीला मेल करा’ या बटणावरून रविवारपर्यंत पाठवावी.

ए-३०२: साहेब, पाठवायला हरकत नाही. पण कागद माझे नाहीत, भाडेकरूचे आहेत. फोटो, सही, जन्मतारीख, सगळं आलं त्यात. मधे कुणाच्या हाती लागणार नाही ना?

बी-१०४: काका, पोर्टल उघडलं की वर कुलूप दिसतं. म्हणजे सुरक्षित आहे. बिनधास्त पाठवा.

सी-६०१: दादा, थांबा जरा. ते कुलूप तुमच्या ब्राउझरपासून पोर्टलच्या सर्व्हरपर्यंतचं. मेलचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. माझं रोजचं काम मेल सर्व्हरचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सी-६०१: पोर्टल बहुतेक वेळा स्वतः मेल पोचवत नाही, मेल पाठवणाऱ्या एखाद्या कंपनीकडे देतं. ती कंपनी आपल्या मेलसेवेच्या सर्व्हरला देते आणि तिथून तो कमिटीच्या इनबॉक्समध्ये पडतो. हे सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. त्याचे नियम १९८२ चे, आणि त्यात मजकूर झाकायची सोयच नव्हती. १९९९ मध्ये स्टार्टटीएलएसची जोड मिळाली, म्हणजे टीएलएस नावाच्या एन्क्रिप्शनने (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करून) मेल झाकून न्यायची सोय, पण ती ऐच्छिक. समोरचा सर्व्हर ‘मला एन्क्रिप्शन येतं’ म्हणाला तर झाकून जातो, नाही म्हणाला तर बरेच सर्व्हर मेल तसाच उघडा देऊन टाकतात. शिवाय मधे बसलेल्या कुणी ते उत्तरच गाळलं, तर दोन्ही टोकांना पत्ता लागत नाही. ही फट बुजवायला २०१८ मध्ये एमटीए-एसटीएस आलं. त्यात मेल घेणारं डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) आधीच जाहीर करतं की एन्क्रिप्शनशिवाय आम्हाला मेल देऊ नका.

ए-३०२: म्हणजे वाटेत कुणीही वाचू शकतं?

सी-६०१: काका, मोठ्या मेलसेवा आपसात आज टीएलएसच वापरतात, त्या वाटेची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती मुक्कामांची. टीएलएस फक्त प्रवासात झाकतं. प्रत्येक सर्व्हरवर मेल उघडा होतो आणि पुढे जाताना परत झाकला जातो. आता त्या एका ओळखपत्राच्या प्रती मोजा: पोर्टलच्या डेटाबेसमध्ये, मेल कंपनीकडे, कमिटीतल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये, प्रत्येकाच्या फोनवर, बॅकअपमध्ये. भाडेकरू घर सोडून जाईल, या प्रती राहतील. कमिटीतल्या एकाचा जरी पासवर्ड कुणाला मिळाला, तरी सगळ्या भाडेकरूंचे कागद गेले.

डी-२०५: ताई, आपला मेल झाकून आला की उघडा, ते बघता येतं का?

सी-६०१: येतं. जीमेल वेबवर उघडा. आलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो, त्यावर क्लिक केलं की तपशिलाची चौकट उघडते. शेवटी सुरक्षेची ओळ असते. तिथे टीएलएस लिहिलं असेल तर शेवटचा टप्पा झाकून आला. आणखी खोलात जायचं तर उजवीकडच्या तीन टिंबांमध्ये ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे वर तक्त्यात मेल खरंच त्या पत्त्यावरूनच आला का, याच्या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात: एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का), डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींचा ‘फ्रॉम’च्या पत्त्याशी मेळ).

बी-१०४: आत्ता मेंटेनन्स बिलाचा मेल उघडून पाहिला. टीएलएस आहे. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, पण डीमार्क फेल! आणि ‘मेल्ड बाय’समोर आपल्या सोसायटीचा पत्ता नाही, भलत्याच डोमेनचं नाव आहे. हे काय?

सी-६०१: छान पकडलंत दादा. पोर्टल ‘फ्रॉम’मध्ये आपल्या सोसायटीचा जीमेल पत्ता लिहितं, पण मेल जातो दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून. एसपीएफ पास झालं ते त्या कंपनीच्या डोमेनसाठी. डीकेआयएमची सहीही तिचीच. डीमार्क विचारतं की ‘फ्रॉम’मधलं डोमेन या दोघांपैकी एकाशी तरी जुळतं का. जुळत नाही, म्हणून फेल. बरेच जण म्हणतात ना, बिल स्पॅममध्ये जातं? माझ्या मते कारण हेच असावं.

सी-६०१: आणि स्पॅमपेक्षा मोठी गोष्ट. उद्या कुणी बाहेरचा माणूस आपल्या पत्त्याच्या नावाने ‘खाते क्रमांक बदलला आहे, मेंटेनन्स इथे भरा’ असा मेल पाठवेल, तर तोही याच तपासणीत असाच फेल दिसेल. खऱ्या बिलात आणि खोट्या मेलमध्ये ओळखायला फरकच राहणार नाही. म्हणून सोसायटीचं स्वतःचं डोमेन घ्यावं, त्यावर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी कराव्यात आणि डीमार्क लावावं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनीही पाठवणाऱ्यांसाठी हे नियम कडक केले आहेत, त्यामुळे पोर्टलवाल्यांना हे नवीन नाही.

सेक्रेटरी: ताई, एक विचारायचं होतं. पोर्टलच्या सेटिंगमध्ये ‘तुमच्या मेलवरून पाठवा’ असा पर्याय आहे. तो सोसायटीच्या मेलचा पासवर्ड मागतोय. दिला तर डीमार्कचा प्रश्न सुटेल ना?

सी-६०१: काका, देऊ नका. जीमेल आता बाहेरच्या अ‍ॅपला मूळ पासवर्डने मेल पाठवू देत नाही, म्हणजे डीमार्कही सुटणार नाही. तुमचा मूळ पासवर्ड मात्र त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बसेल आणि तो कुणाच्या हाती लागला तर जुने सगळे मेलही उघडू शकतील. नीट बनवलेलं वेब अ‍ॅप तुम्हाला मेलसेवेच्या स्वतःच्या लॉगिन पानावर नेतं, तिथे तुम्ही ‘फक्त मेल पाठवायची परवानगी’ देता आणि हवं तेव्हा ती काढून घेता. याला ओऑथ म्हणतात. तेवढी सोय त्यांच्याकडे नसेल तर निदान अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे त्या एका कामासाठी वेगळा काढलेला आणि कधीही रद्द करता येणारा. त्यासाठी खात्यावर टू-स्टेप, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरी खात्रीही मागणारं लॉगिन, चालू असावं लागतं. ते तर आजच करा.

डी-२०५: जीमेलमध्ये कॉन्फिडेन्शियल मोड आहे की. मुदत घालता येते, फॉरवर्ड होत नाही. तो वापरला तर?

सी-६०१: २०१८ पासून आहे तो. फॉरवर्ड, प्रिंट, डाउनलोड बंद होतं हे खरं, पण स्क्रीनचा फोटो कोण थांबवणार? आणि मजकूर गूगलच्या सर्व्हरवर गूगलला वाचता येईल असाच असतो. चुकून फॉरवर्ड होऊ नये एवढ्यापुरता चांगला. त्याला गुप्त मेल समजू नका.

ए-३०२: मग खरोखर गुप्त म्हणजे काय? माझा मुलगा पीजीपी म्हणतो.

सी-६०१: बरोबर सांगतो तो. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये आणलं. घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने मेल तुमच्याच यंत्रावर बंद होतो आणि फक्त त्याच्या खासगी किल्लीने उघडतो. मधले सर्व्हर नुसते हमाल. वेबवरही करता येतं, मेलव्हेलप नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, जीमेलवर बसतं. प्रोटॉन मेलमध्ये तर ते आतच आहे, टुटामध्ये त्यांची स्वतःची तशीच वेगळी पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला पाठवायचं असेल तर पासवर्ड लावून पाठवता येतं, त्याला लिंक जाते. एक लक्षात ठेवा, प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ अशी बंद होत नाही. म्हणून विषयात भाडेकरूचं नाव किंवा नंबर लिहायचा नाही.

सी-६०१: वेबवरच्या अशा सेवांची एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. पान उघडताना एन्क्रिप्शनचा कोड त्यांच्याच सर्व्हरवरून येतो, म्हणजे शेवटी विश्वास त्यांच्यावरच. कॅनडातल्या हशमेलचं उदाहरण आहे. कोर्टाच्या आदेशानंतर तिने काही खात्यांचे उलगडलेले मेल दिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं. एक्स्टेन्शन तुमच्या ब्राउझरमध्ये वेगळं बसतं, त्यामुळे तिथे हा धोका बराच कमी.

बी-१०४: ताई, हे आमच्या आईला जमणार नाही. सोपं काहीतरी सांगा.

सी-६०१: सोपं आहे. सेव्हन-झिप या फाइल बांधून कुलूप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, एईएस-२५६ ही मजबूत एन्क्रिप्शन पद्धत निवडा, तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड द्या आणि ती फाइल मेलला जोडा. जुनी झिपक्रिप्टो पद्धत घेऊ नका, ती कच्ची आहे. ‘फाइलची नावंही झाका’ हा पर्याय सेव्हन-झेड प्रकारात मिळतो, त्यावर टिक करा. पासवर्ड फोन करून सांगा. त्याच मेलमध्ये लिहिला तर सगळी मेहनत फुकट. जन्मतारीख नको, चार आकडे तर अजिबात नकोत, ते यंत्र क्षणात शोधतं.

ई-४०३: मी ज्येष्ठ नागरिक. एक साधा प्रश्न. कमिटीला ओळखपत्राची प्रत हवीच कशाला? आम्ही भाडेकरूला घेऊन कार्यालयात येतो, मूळ कागद दाखवतो, तुम्ही रजिस्टरमध्ये नोंद करा आणि कागद आमच्याबरोबर परत.

सी-६०१: आजोबा, मी एवढं लिहिलं त्याहून हे उत्तम. अगदी हेच करावं.

खजिनदार: मलाही पटतं. नोंद पुरेशी आहे. करारनाम्याची प्रत लागते, पण तिच्यावरचे ओळखपत्राचे नंबर झाकून दिली तरी आपलं काम होतं.

ए-३०२: झाकायचं म्हणजे कागदावर पट्टी लावून स्कॅन करा हं. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी होतो. आमच्या कार्यालयात हे घडलेलं पाहिलंय.

सेक्रेटरी: ठीक आहे. सकाळची सूचना मागे घेतो. ओळखपत्र कुणीही मेल करू नये. शनिवार-रविवार संध्याकाळी सहा ते आठ कार्यालय उघडं राहील, मूळ कागद दाखवून जावेत. करारनामा नंबर झाकून, पासवर्डच्या फाइलमधून. पासवर्ड मला फोनवर सांगा. पोर्टलवाल्यांना आजच लिहितो: मेल कुठल्या कंपनीमार्फत जातात, जोडलेल्या फाइल किती दिवस ठेवता, पुसा म्हटलं तर पुसता का, ओऑथ आहे का. ताई, डोमेनच्या नोंदी करताना तुम्ही बसाल ना सोबत?

सी-६०१: हो काका, शनिवारी येते. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल मागवणारं लावू, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळ्यांची बिलं अडकतील. अहवालात आपले सगळे मेल पास होताना दिसले की मग कडक करू.