गल्लीच्या टोकाला बिअर, भाकरी आणि गझल: होऊ द्यावं का?

सिडकोकर (धागा सुरू करताना)

आमच्या गल्लीच्या टोकाचा जुना बंगला बरीच वर्षं बंद पडून आहे. एक स्वयंपाकी आणि एक नाटकवाला, असे दोघं मित्र तो भाड्यानं घेऊन तिथं निवांत बसायची जागा काढणार आहेत. अंगणात दहा-बारा टेबलं, समोरच चुलीवर थापलेली भाकरी, भरीत, ठेचा, रविवारी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. सोबत बिअर आणि वाईन, कडक दारू नाही. शुक्रवारी कविता, शनिवारी गझल, महिन्यातून एकदा एकांकिका. काल त्यांनी गल्लीला बोलावून सगळं सांगितलं आणि तिथंच दोन तट पडले.

मी 'होऊ द्या' म्हणणाऱ्यांतला. संभाजीनगरात आज प्यायची जागा म्हणजे परमिट रूम: काळ्या काचा, आत अंधार, बाईमाणूस औषधालाही नाही. लपून बसलेला माणूस भराभर पितो आणि तसाच गाडीला किक मारतो. तोच माणूस उजेडात, बायकोशेजारी, पुढ्यात भाकरी घेऊन बसला तर एक ग्लास दोन तास पुरवतो. १९९१ साली लंडनच्या क्लर्कनवेल भागात दोघांनी 'द ईगल' नावाचा जुना पब घेतला आणि तिथं स्वयंपाकाला पहिला मान दिला. गॅस्ट्रोपब हा शब्द तिथूनच रुजला. आपलं तर वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांचं गाव. इथं शेर ऐकायला चार माणसं निवांत बसतील अशी जागा नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आडवी बाटली

सिडकोकर भाऊ, माझे वडील गझलेचे दर्दी होते. सिराजचे शेर त्यांना तोंडपाठ. रात्री त्यांच्या स्कूटरचा आवाज वळणावर आला की आई आधी गॅस बंद करायची आणि मग आमच्या खोलीतला दिवा. आम्ही दोघी बहिणी पांघरुणात डोळे मिटून पडायचो. दाराची कडी कशी वाजते, त्यावरून आजची रात्र कळायची. म्हणून सांगते, शेर ऐकणारा माणूस कमी पितो हे मला पटत नाही. त्यांची सुरुवातही बिअरनंच झाली होती.

कविता व्हावी, भाकरी मिळावी, पहिल्या ओळीत मी येऊन बसेन. पण त्यासाठी बाटली कशाला लागते? परवाना मिळाला तरी कायदा बायकांच्या हातात आहे. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि पुरेशी मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, पडली की दुकान बंद. सह्या घ्यायला मी उद्यापासून निघतेय.

तिसरी घंटा

मीही नाटकवालाच, पण त्या दोघांतला नाही. जागेची गरज मलाच जास्त. आमच्या तालमी कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये होतात. संत एकनाथ रंगमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह मोठ्या प्रयोगांसाठी ठीक, पण चाळीस प्रेक्षकांच्या एकांकिकेला एवढं सभागृह घेऊन आम्ही भरायचं कशानं? चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली आणि पुढं मुंबईला गेली. माझ्यासोबतची निम्मी पोरंही गेलीत.

तरीही मी लगेच हो म्हणणार नाही. बाहेरगावी अशाच एका ठिकाणी मी एकपात्री केलं होतं. मुलगा गेल्याची बातमी बापाला कळते, तो क्षण. मी थांबलो, श्वास घेतला, आणि शेजारून चर्रर्र आवाज करत सिझलर गेलं. सगळ्यांच्या माना त्या धुरामागं वळल्या. त्या रात्री मानधनाचं पाकीट मिळालं, पण घरी येऊन झोप लागली नाही. प्रयोग चालू असताना ना बिअर, ना ताट, असं ते लेखी देणार असतील तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन.

सोडा बर्फ

मी अकरा वर्षं परमिट रूममध्ये टेबलं सांभाळायलोय, म्हणून बोलतो. सिडकोकर मामांचं एक खरंय. जेवून पिणारा माणूस त्रास देत नाही. उपाशी पोटी, नुसत्या फुटाण्यावर बसलेला देतो. भांडणंही आत कमी होतेत, बाहेर गाडी काढताना जास्त. पण हिशेब बघा की. कविता ऐकणारा एका बिअरवर तीन तास बसणार. भाकरी-ठेच्यात भाडं निघत नसतंय, पैसा सुटतो दारूत. पोरं चांगली असतील, पण सहा महिन्यांनी घरमालक दारात उभा राहिला की व्हिस्कीचा परवाना मागायला जातेलच. बिअरला २१ वर्षांची अट, कडक दारूला २५ ची. शनिवारच्या गर्दीत कुणाचं कार्ड कोण बघत बसतंय? आमच्याकडं तर कुणीच बघत नाही.

सिडकोकर

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि मी देणारही नाही.

बाकीच्यांचं मात्र त्या दोघांपुढं ठेवलं. प्रयोगाच्या वेळी वाढणं बंद, हे त्यांच्यातल्या नाटकवाल्यानं लगेच मान्य केलं. लाउडस्पीकर रात्री दहानंतर तसाही चालत नाही आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणून स्पीकरच नको असं ठरलं, गझल तबला-पेटीवर होईल. भाड्याचं विचारलं तेव्हा दोघंही गप्प बसले. दुपारी डबे विकू, असं स्वयंपाकी म्हणाला, पण आकडा त्याच्याकडं नव्हता. सोडा बर्फ, तुमचा मुद्दा तिथंच अडकलाय. शाळा-मंदिरापासून ७५ मीटरचा नियम आहे, म्हणून आज सकाळी टेप घेऊन मारुतीच्या देवळापासून फाटकापर्यंत मोजलं. ८१ भरले. सरकारी माणूस कुठून कुठवर मोजेल, सांगता येत नाही.

आडवी बाटली

भाऊ, मोजलंत आणि खरा आकडा सांगितलात, बरं वाटलं. त्यांना माझा एक निरोप द्या. आठवड्यातला एक दिवस फक्त चहाचा ठेवा, त्या दिवशी मी आईला घेऊन येते. वडील गेल्यापासून तिनं गझल ऐकलेली नाही. सह्या मात्र थांबणार नाहीत. आज दुपारपर्यंत ३४ झाल्यात.