सुरकुतलेले पान आणि कुजलेले पान
मे महिन्यात सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांची, पाने सुरकुतली की रोज थोडे थोडे पाणी द्यावे, असा सल्ला काही जण देतात. जळगावच्या गच्चीवर कुंड्या सांभाळताना मला हे धोक्याचे वाटत आले आहे. यांतील बहुतेक झाडे पाणी वाचवण्यासाठी पानांवरील रंध्रे (सूक्ष्म छिद्रे) दिवसा मिटून रात्री उघडतात, आणि रात्रही उकाड्याची असली की एचेव्हेरियासारख्या जाती वाढच थांबवतात. अशा वेळी मुळे पाणी फारसे ओढत नाहीत आणि तापलेल्या ओल्या मातीत कुजतात. गेल्या वर्षी माझ्या एका एचेव्हेरियाची खालची पाने पिवळसर, पारदर्शक होऊन बोट लावताच गळाली, आणि उपटून पाहिले तर बुंधा काळा पडला होता. तहानलेले पान मऊ, सुरकुतलेले असते, पण असे पाणचट होत नाही. म्हणून बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसावी आणि ती कोरडी निघाली तरच, दिवस मावळून कुंडी निवल्यावर, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. गच्चीवरील टाकीचे पाणी चटका बसण्याइतके तापते, ते आधी बादलीत निवू द्यावे. दुपारनंतर सावली येईल अशा पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत कुंड्या हलवल्या आणि वर हिरवी जाळी बांधली, तर निम्मी काळजी मिटते.