मदत हवी आहे : टर्कीच्या छातीचे मांस कोरडे पडू नये म्हणून काय करावे?

नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. येत्या थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, घरी बारा माणसे जेवायला आहेत आणि मला 14 पौंडांची अख्खी टर्की भाजायची आहे. गेल्या वर्षी मांडीच्या सांध्यापाशी तापमान 165 अंश फॅरनहाइटला पोहोचेपर्यंत छातीचे मांस इतके सुकले की सुरी लावताच त्याचा भुगा होऊ लागला. सासूबाईंनी न बोलता ते रश्शात बुडवून संपवले, याचे मला फार वाईट वाटले. दही, आले-लसूण आणि गोडा मसाला आदल्या रात्री कातडीखाली चोळल्यास तीन-चार तासांच्या भाजणीत तो करपेल का, की नुसते मीठच चोळावे?

दुसरे असे की, शेजाऱ्यांनी शिकारीतल्या रानटर्कीच्या दोन तंगड्या दिल्या आहेत. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून 1851च्या सुमारास नाहीसा झालेला हा पक्षी 1970च्या दशकात न्यूयॉर्कमधून आणलेल्या 37 पक्ष्यांपासून पुन्हा वाढला, त्यामुळे मांस वाया घालवणे मनाला पटत नाही. ते गडद आणि चिवट आहे. कुकरला किती शिट्ट्या द्याव्यात? कृपया स्वतः करून पाहिलेलेच सांगावे.