मोठ्या गाडीची तुलना करताना मागची सीटही बघा

मर्सिडीजची ई-क्लास आणि मारुतीची वॅगन-आर यांची तुलना करताना कुणी म्हणतं, 'एकदा ई-क्लास चालवली की वॅगन-आर पत्र्याचा डबा वाटते'. हे पटलं, पण अर्धंच. चाकणला जोडली जाणारी ई-क्लास ही लांब व्हीलबेसची आहे. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ते ३०९४ मिमी, एकूण लांबी पाच मीटरच्या वर. म्हणजे ही जागा मुख्यतः मागे बसणाऱ्या मालकासाठी वाढवली आहे. स्टिअरिंगवर ड्रायव्हर असेल असं गृहीत धरलेल्या गाडीची तुलना स्वतः चालवायच्या गाडीशी करतोय आपण!

एक्सप्रेसवेवर प्रश्नच नाही. वजन, शांतता, ब्रेक, सगळ्यातच ती कुठल्या कुठे पुढे. पण हीच गाडी शनिवार पेठेतल्या बोळात घालून बघा. वॅगन-आर ३६५५ मिमी लांब, वळायला ४.७ मीटर त्रिज्या पुरते, आणि आरशाला ओरखडा गेला तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तासाभरात मोकळं करतो.

लहान गाडीचे गोडवे गाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट सोयीस्करपणे टाळली आहे. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन-आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला, लहान मुलांसाठी शून्य. नंतर सहा एअरबॅग आल्या हे खरं, पण सांगाडा एअरबॅगने बदलत नाही.

राहता राहिली 'वॅगन-आरच्या पैशांत दहा वर्षं जुनी लक्झरी सेडान घ्यावी' ही काही जण मांडतात ती कल्पना. वॉरंटी संपलेली एअर सस्पेन्शनची (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली) गाडी म्हणजे दारात पांढरा हत्ती. घ्यायचीच असेल, तर आधी सस्पेन्शनच्या सुट्या भागांचं कोटेशन मागवा, मग टेस्ट ड्राइव्हला जा.