हॅमॉकमध्ये पाठ गारठते, काय घेऊ?

झोळीवाला: गेल्या जानेवारीत भंडारदऱ्याला पाण्याकाठी दोन झाडांना हॅमॉक बांधला. स्लीपिंग बॅग जाडजूड, तरी पहाटे तीनला पाठीखालून असा वारा लागला की उठून विझत आलेल्या शेकोटीपाशी जाऊन बसलो. सॅक ३० लिटरची, त्यात टोप आणि तांदूळही मावायला हवेत. (आईची गोधडी सुचवू नका, ती एकटीच सॅक भरते.)

भटकभवानी: अहो, बॅग जाड असून काय उपयोग? अंगाखाली आतलं भरण दबतं, त्यात हवाच राहत नाही, मग ऊब कुठून येणार? अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली बांधायची दुलई, घ्या. ते हॅमॉकच्या बाहेरून खाली लटकतं, म्हणून दबत नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं पाऊण लांबीचं पुरतं, सॅकमध्ये जागाही कमी खातं. फक्त सैल सोडू नका, मधून वारा शिरतो.

काटकसर: आधी फोमची मॅट वापरून बघा, स्वस्तात काम होतं. मीही ती खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच कापून सॅकच्या आत गोल लावतो, बाकी सामान मधल्या पोकळीत. रात्री सरकते मात्र. दोनदा तरी शिव्या घालत नीट करावी लागते.

झोळीवाला: मॅट घरात आहे, बायकोची योगाची. कापू का हे कसं विचारू, तेवढं सांगा.

भटकभवानी: विचारूच नका! योगाची मॅट जड असते आणि पातळही.