सेंट क्रॉयचा सरडा आणि आपले मुंगूस

वरील चर्चेत सेंट क्रॉय बेटावरील जमिनीवरचा सरडा मुंगसांमुळे नामशेष झाल्याचे म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. कॅरिबियनमधील त्या मूळ बेटावरून तो नाहीसा झाला हे खरे, परंतु ग्रीन के आणि प्रोटेस्टंट के या दोन चिमुकल्या बेटांवर, जिथे मुंगूस पोहोचले नाही, तो टिकून राहिला. बांध्याने तो आपल्या सापसुरळीची आठवण करून देणारा असून शेपटीवर निळी-काळी कडी असतात. वाळूत आणि पालापाचोळ्यात उकरून तो किडे शोधतो आणि उन्हे चढली की बाहेर पडतो.

गफलत नेमकी इथेच झाली. उसाच्या मळ्यातील उंदीर मारण्यासाठी १८८४ मध्ये सेंट क्रॉयवर सोडलेले लहान भारतीय मुंगूसही दिवसाच शिकार करते, तर उंदीर प्रामुख्याने रात्री हिंडतात. (पुण्यात वेताळ टेकडीवर दिसते ते करडे मुंगूस, त्याचे थोरले भावंड, पण इथले सरडे पिढ्यान्पिढ्या त्याला ओळखून आहेत.) पुढे सेंट क्रॉयजवळच्या बक बेटावरील मुंगसे संपवण्यात आली आणि २००८ मध्ये ग्रीन केवरचे ५७ सरडे तिथे सोडण्यात आले.